घरबसल्या डीएनए चाचणी करून पूर्वज शोधायचे असतील, तर आधी कोणाचा नमुना घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वडिलांचे वडील तान्हे असताना दत्तक गेले आणि त्यांच्या जन्मदात्यांची नावे कोणत्याही कागदावर सापडत नाहीत. आजोबा आणि वडील दोघेही आता हयात नाहीत, म्हणून तुम्ही स्वतःसाठी डीएनए चाचणीचे किट मागवले आहे. कोणती चाचणी घ्यावी आणि निकालातील टक्केवारीवरून आजोबांचे मूळ घराणे कळेल का, असे तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की, तुमच्या ८२ वर्षांच्या सख्ख्या आत्या आहेत, त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, पण या वयात त्यांना त्रास द्यावासा वाटत नाही. गेली बारा वर्षे मी अशा शोधांत कुटुंबांना मदत करत आलो आहे, आणि तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य मला हेच वाटते. किट आले असेल तर ते तसेच बाजूला ठेवा आणि पहिला नमुना, त्यांची मनापासून तयारी असेल तर, आत्यांचा घ्या.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. प्रत्येक अपत्याला आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए मिळतो. त्यामुळे आत्यांच्या डीएनएचा अर्धा भाग थेट तुमच्या आजोबांचा आहे. तुमच्यापर्यंत मात्र आजोबांचा वाटा सरासरी २५ टक्केच पोहोचला आहे, आणि ही केवळ सरासरी असल्याने प्रत्यक्षात तो २० टक्के असू शकतो किंवा ३० टक्केही असू शकतो. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची नव्याने सरमिसळ होते आणि अर्धा भाग मागे राहून जातो. जो भाग वडिलांनी तुम्हाला दिला नाही, तो तुमच्या नमुन्यात कितीही शोधला तरी सापडणार नाही. निकालासोबत कंपनी तिच्या संग्रहातील, तुमच्याशी डीएनए जुळणाऱ्या व्यक्तींची यादी देते. आजोबांच्या एखाद्या भावंडाच्या नातवंडाशी आत्यांची जुळणी ठळक दिसेल, तीच तुमच्या यादीत बरीच खाली गेलेली असेल, आणि त्याहून दूरचे काही नातेवाईक तर तुमच्या यादीत दिसणारही नाहीत. तुमचा आणि तुमच्या भावाचा नमुनाही उपयोगी आहेच, कारण दोन अपत्ये मिळून पालकाचा सरासरी ७५ टक्के डीएनए हाती लागतो आणि त्यातून वडिलांचा बराच भाग पुन्हा उभा करता येतो. पण त्याला घाई नाही. तुमची लाळ पुढच्या वर्षीही मिळेल.

आत्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते आणि ते तो आपल्या मुलींना जसेच्या तसे, संपूर्ण देतो. म्हणजे आत्यांना वडिलांकडून आलेले एक्स गुणसूत्र हे पूर्णपणे आजोबांच्या जन्मदात्या आईच्या बाजूचे आहे. तुमच्या वडिलांना आजोबांकडून वाय मिळाले, एक्स मिळाले नाही; त्यामुळे तुमच्याकडे वडिलांकडून आलेले एक्स आहे ते आजीचे आहे, त्यात आजोबांचा कणही नाही. ज्या अनाम स्त्रीने आजोबांना जन्म दिला, तिचा हा ठेवा तुमच्या घराण्याच्या या शाखेत आज केवळ आत्यांपाशी आहे.

या निमित्ताने सांगतो की, वंशशोधाच्या बाबतीत मराठीतील नात्यांचे शब्द फार उपयोगी पडतात. चाचणी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चुलत, आते, मामे आणि मावस अशा सगळ्या भावंडांना ‘कझिन’ हा एकच शब्द असतो, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने ही चार नाती अगदी वेगळी आहेत. चुलतभावांमध्ये वाय गुणसूत्र एकच असते, कारण ते बापाकडून मुलाकडे असे जाते. मावस भावंडांमध्ये मायटोकाँड्रियल डीएनए (गुणसूत्रांबाहेर, पेशीतील मायटोकाँड्रियात असलेला छोटा डीएनए) एकच असतो, कारण तो आईकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. आतेभावंडांकडे तुमच्या वडिलांच्या आईचा मायटोकाँड्रियल डीएनए असतो आणि तो तुमच्याकडे नसतो. मामेभावंडांकडे तर मामीचा असतो, तुमच्या आजीचा नसतो. म्हणून वंशावळ लिहिताना ‘कझिन’ न लिहिता नाते पूर्ण मराठीत लिहा. कोणाचा नमुना कोणत्या पूर्वजाविषयी बोलेल, हे त्या एका शब्दावरून कळते.

आता चाचण्यांच्या प्रकारांविषयी. तुमच्या कामासाठी पहिली चाचणी ऑटोसोमल हीच, जी २२ जोड्यांच्या गुणसूत्रांवरील सुमारे सात लाख ठिकाणे तपासते आणि आई-वडील दोन्हीकडच्या सर्व शाखांमधील नातेवाईक दाखवते. बाजारात घरगुती किट म्हणून जे मिळते ते बहुधा हेच असते. मायटोकाँड्रियल चाचणी तुमच्या प्रश्नासाठी घेऊ नका. आजोबांना त्यांच्या आईचा मायटोकाँड्रियल डीएनए मिळाला होता, पण पुरुष असल्याने त्यांनी तो कोणालाच दिला नाही. आत्यांकडे आहे तो आजीचा. वाय चाचणी मात्र पुढे कधीतरी तुमच्या भावाची किंवा एखाद्या चुलतभावाची जरूर करावी, कारण त्यांचे वाय हे आजोबांच्या जन्मदात्या वडिलांचेच आहे. जिथे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या वडिलांकडून येते, तिथे वाय जुळणाऱ्या पुरुषांच्या आडनावांवरून दिशा मिळू शकते. तरीही ती दुसऱ्या टप्प्यातली गोष्ट आहे, कारण वाय चाचणी केलेल्यांची संख्या फार कमी असते आणि दोन पुरुषांचे वाय जुळले तरी समान पूर्वज दोनशे वर्षांपूर्वीचा की सहाशे, हे ढोबळमानानेच सांगता येते.

टक्केवारीबद्दल तुमची अपेक्षा मला थोडी कमी करावी लागेल. अमुक प्रदेशाचे ४२ टक्के, तमुक प्रदेशाचे १८ टक्के असा जो रंगीत नकाशा निकालासोबत येतो, तो तुमच्या डीएनएची तुलना कंपनीने निवडलेल्या संदर्भसमूहांशी करून काढलेला अंदाज असतो. संदर्भसमूह बदलले की आकडे बदलतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि एकाच कंपनीचे आकडेही काही काळाने सुधारून येतात. सख्ख्या भावंडांचे आकडेसुद्धा वेगवेगळे येतात, कारण त्यांना पालकांचे वेगवेगळे भाग मिळालेले असतात. खंडांच्या पातळीवर हा अंदाज विश्वासार्ह असतो. शेजारशेजारच्या प्रदेशांमध्ये भेद करताना तो डळमळतो. आजोबांची आई एखाद्या अगदी दूरच्या प्रदेशातून आलेली असेल तर नकाशावरून सुगावा लागेल, एरवी त्यातून कोणाचे नाव निघत नाही. नाव निघते ते जुळणाऱ्या व्यक्तींच्या यादीतून.

म्हणूनच कंपनी निवडताना तिच्या संग्रहात तुमचे संभाव्य नातेवाईक असतील का, हा एकच प्रश्न विचारावा. एन्सेस्ट्रीकडे अडीच कोटींहून अधिक लोकांच्या चाचण्या आहेत आणि तो सर्वांत मोठा संग्रह आहे. पण ती कंपनी दुसरीकडे झालेल्या चाचणीची माहिती स्वीकारत नाही. उलट तिच्याकडची कच्ची माहिती (तुमच्या डीएनएच्या निकालाची मूळ फाइल) उतरवून घेऊन ती फॅमिलीट्रीडीएनए ही कंपनी किंवा जेडमॅच हे जुळण्या पाहण्याचे संकेतस्थळ येथे चढवता येते. त्यामुळे जिथे ती उपलब्ध आहे तिथे चाचणी तिच्याकडे करून नंतर इतरत्र माहिती नेणे, हा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. मात्र बहुतेक मोठ्या संग्रहांत अमेरिकेतील लोकांचा भरणा अधिक आहे. आजोबांच्या नातलगांपैकी कोणी परदेशी गेले असतील तर काम सोपे होते, नसतील तर धीर धरावा लागतो. संग्रह वाढत राहतात, आणि आज रिकामी वाटणारी यादी तीन वर्षांनी बोलू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

नमुना घेताना वृद्ध व्यक्तींच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. आधीचा अर्धा तास खाणे, पिणे, धूम्रपान, दात घासणे काहीही नको, एवढे सूचनापत्रात असते. जे नसते ते असे की, वयाबरोबर आणि रक्तदाबाच्या वगैरे काही औषधांमुळे लाळ फार कमी सुटते. ऐंशीच्या पुढच्या एका बाईंचा नमुना प्रयोगशाळेने दोनदा नाकारला, तेव्हा मी स्वतः त्यांच्याजवळ बसलो. नळी रेषेपर्यंत भरलेली दिसत होती, पण वरचा सगळा फेस होता. तो खाली बसल्यावर लाळ जेमतेम निम्मी उरली. तिसऱ्या वेळी आम्ही सकाळची वेळ धरली, आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी भरपूर प्यायले, मग अर्धा तास थांबून त्यांनी गालांवरून बोटांनी हलकेच गोल मालिश केले आणि दहा-बारा मिनिटे घेऊन थोडी थोडी लाळ नळीत सोडली. फेस बसेपर्यंत थांबून मगच झाकण घट्ट लावले, म्हणजे झाकणातील द्रव पूर्ण खाली उतरला, आणि नळी नीट हलवली. तो नमुना पास झाला. आत्यांना हे जड जाणार असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवून घेण्याची सोय असलेली कंपनी निवडा. फॅमिलीट्रीडीएनए आणि मायहेरिटेज यांची किट तशी असतात. नळीवरचा क्रमांक पाठवण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा आणि एका वेळी एकाच व्यक्तीचे किट उघडा. दोन भावंडांच्या नळ्या अदलाबदल झाल्या तर तो घोळ निस्तरायला महिने जातात.

त्याआधी आत्यांशी बोलणे झाले पाहिजे, आणि ते उरकून टाकल्यासारखे नको. निकालात काय दिसू शकते हे त्यांना सरळ सांगा. आत्या आणि भाची यांच्यात सरासरी १,७५० सेंटिमॉर्गनच्या (हे समान डीएनएचे माप आहे) आसपास डीएनए समान असतो. तुमच्या दोघींमध्ये जर ८७० च्या आसपास आला, तर त्याचा अर्थ बहुधा असा होईल की त्या आणि तुमचे वडील सावत्र भावंडे होती. असे क्वचितच घडते, पण घडते, आणि एकदा दिसलेला आकडा न पाहिल्यासारखा करता येत नाही. एखादी अनपेक्षित बहीण किंवा भाऊ यादीत उभा राहू शकतो. हे ऐकून त्या नको म्हणाल्या, तर तो विषय तिथेच संपवावा. पुन्हा पुन्हा आग्रह करू नये. हो म्हणाल्या, तर खाते कोण सांभाळणार, निकाल कोणाला दाखवायचा आणि नको ते कळले तर त्यांना सांगायचे की नाही, ही तिन्ही उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

निकाल यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. आला की नकाशा मिटवा आणि यादी उघडा. पालक आणि अपत्य यांच्यात समान डीएनए सुमारे ३,४०० ते ३,५०० सेंटिमॉर्गन असतो, सख्ख्या भावंडांत सरासरी २,६०० च्या जवळ. आजोबा-आजी समान असलेल्या भावंडांत सरासरी ८६६, पणजोबा-पणजी समान असतील तर २२९ आणि खापरपणजोबा समान असतील तर ७३. हे आकडे ब्लेन बेटिंगर यांनी लोकांकडून माहिती गोळा करून चालवलेल्या प्रकल्पातले आहेत, आणि त्यातील सरासरीपेक्षा पल्ला अधिक महत्त्वाचा आहे. पणजोबा समान असणाऱ्यांत ४१ पासून ५९२ पर्यंत काहीही आढळले आहे, आणि खापरपणजोबा समान असणाऱ्या साधारण दहातील एका जोडीत काहीच समान आढळत नाही. त्यामुळे संकेतस्थळाने जुळणीपुढे लिहिलेले नाते हे शक्यतांपैकी एक समजावे. २२० सेंटिमॉर्गनची व्यक्ती आत्यांच्या वयाची आहे की तिशीतली, यावरून नात्याची पिढीच बदलते. सातपेक्षा कमी सेंटिमॉर्गनच्या तुकड्यांकडे सुरुवातीला पाहूच नका. त्यांतील बरेचसे योगायोगाने जुळलेले असतात.

तुमचे खरे काम आहे ते आजीची बाजू वेगळी काढण्याचे. आजीचे माहेर तुम्हाला माहीत आहे, तेव्हा आजीच्या भावाचा मुलगा, म्हणजे आत्यांचा मामेभाऊ, तयार असेल तर दुसरे किट त्याचे. आत्यांच्या यादीतील ज्या व्यक्ती त्याच्याशीही जुळतात, त्या आजीकडच्या, असे बहुतांशी धरता येते. इथे एक चूक मी सतत पाहतो: जे मामेभावाशी जुळत नाहीत ते सगळे आजोबांकडचे, असा निष्कर्ष लोक काढतात. तो बरोबर नाही, कारण आत्या आणि त्यांचा मामेभाऊ यांच्यात सुमारे साडेबारा टक्केच डीएनए समान असतो, आणि आजीकडच्या कितीतरी व्यक्ती आत्यांशी जुळूनही त्याच्याशी जुळणार नाहीत. म्हणून उरलेल्यांचे आपसात कोण कोणाशी जुळते ते पाहून गट पाडावे लागतात. डॅना लीड्स यांनी २०१८ मध्ये सुचवलेली पद्धत यासाठी सोपी आहे: ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधील व्यक्ती एका तक्त्यात उतरवायच्या, पहिल्या व्यक्तीला एक रंग द्यायचा, तिच्याशी जुळणाऱ्या सर्वांना तोच रंग द्यायचा, मग पहिल्या न रंगलेल्या व्यक्तीपासून दुसरा रंग सुरू करायचा. चांगल्या यादीत चार रंग उमटतात, आत्यांच्या चार आजोबा-आजींचे. त्यांपैकी दोन तुम्हाला ओळखीचे निघतील. उरलेले दोन म्हणजे आजोबांच्या जन्मदात्या वडिलांचे आणि आईचे घराणे. त्यांतील कोणाशी आत्यांचे एक्स गुणसूत्र ठळकपणे जुळत असेल आणि ती जुळणी आजीकडची नाही याची खात्री झाली असेल, तर तो रंग आजोबांच्या आईचा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सगळ्या कंपन्या एक्सची जुळणी दाखवत नाहीत. जेडमॅचवर ती पाहता येते.

इथून पुढे डीएनए थांबतो आणि कागद सुरू होतो. एका रंगातील निदान दोन-तीन व्यक्तींच्या वंशावळी वर नेत नेत त्या कोणत्या दांपत्यापाशी मिळतात ते शोधायचे, आणि मग त्या दांपत्याच्या सर्व वंशजांची यादी खाली उतरवत आणायची. दुसऱ्या रंगाचेही तसेच. आजोबांच्या जन्माच्या सुमारास योग्य वयाचे आणि योग्य ठिकाणी असलेले कोण होते, आणि दोन घराणी कुठे एकत्र आली असतील, हे जनगणनेचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले यांतूनच कळते. जुळलेल्या व्यक्तींपैकी अनेकांनी वंशावळ दिलेलीच नसते. एका शोधात आमची सारी मदार २१४ सेंटिमॉर्गनच्या एका व्यक्तीवर होती, जिच्या नावाच्या जागी फक्त दोन आद्याक्षरे होती. आम्ही चार ओळी लिहिल्या: आपली जुळणी किती आहे, आम्ही कोणत्या शाखेचा शोध घेत आहोत, आणि आपल्या चार आजोबा-आजींची आडनावे कळवता येतील का. पाच महिन्यांनी उत्तर आले, त्यात तीन आडनावे होती आणि चौथ्याबद्दल लिहिले होते की ते कोणी सांगत नाही. ती चौथी जागाच आम्हाला हवी होती. पहिल्या निरोपात दत्तकाचा किंवा कोणाच्या लग्नाबाहेरच्या संबंधांचा उल्लेख कधीही करू नका. समोरच्या घरात ती गोष्ट अजून जिवंत माणसांची असू शकते.

पिढ्यान्‌पिढ्या एकाच लहान समूहात किंवा जवळच्या नात्यात विवाह होत आले असतील, तर वरचे सगळे आकडे फुगतात. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू लोकांच्या याद्यांत हे नेहमी दिसते: हजारो व्यक्ती जवळच्या नात्यातील असल्यासारख्या भासतात, प्रत्यक्षात ते अनेक दूरच्या धाग्यांची बेरीज असते. अशा वेळी एकूण सेंटिमॉर्गनपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती मोठा आहे ते पाहावे; २०० ची बेरीज दहा-बारा सेंटिमॉर्गनच्या तुकड्यांची असेल तर नाते फार मागचे असते.

गोपनीयतेचे धोके खरे आहेत आणि ते जाणूनच पुढे जावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या चोरीत २३अँडमी या चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती गेली. चोरांनी इतरत्र फुटलेले जुने पासवर्ड वापरून काही हजार खाती उघडली आणि नातेवाईक दाखवण्याच्या सुविधेतून बाकीच्यांपर्यंत पोहोचले. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांच्या माहितीचे पुढे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. जेडमॅचच्या मदतीने कॅलिफोर्नियातील एका जुन्या खूनमालिकेतील आरोपी २०१८ मध्ये पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरूनच. म्हणून खात्याला स्वतंत्र पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवा, संशोधनासाठीची आणि पोलीस तपासासाठीची संमती वाचून मगच द्या किंवा नाकारा, हयात व्यक्तींची नावे सार्वजनिक वंशावळीत झाकलेली ठेवा आणि कच्ची माहिती उतरवून आपल्याकडे जपून ठेवा. देशोदेशीचे कायदेही वेगळे आहेत. फ्रान्समध्ये अशा खासगी चाचण्यांना मनाई आहे.

किट पोहोचेपर्यंत आणि निकाल येईपर्यंतचा काळ वाया घालवू नका. एक दुपार आत्यांजवळ बसा आणि त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करा. आजोबांच्या जन्मदात्यांबद्दल थेट विचारलेत तर ‘मला काही माहीत नाही’ असे उत्तर येईल, आणि ते खरेही असेल. त्याऐवजी त्यांच्या लहानपणी घरी कोण येऊन जात असे, कोणाच्या येण्यावर घरातली मोठी माणसे गप्प होत, आजोबांना कोणाची पत्रे येत, असे विचारा. आणि ज्या कागदावर त्यांची संमती लिहून घ्याल, त्यावरच त्यांच्या पश्चात हे खाते कोणी चालवायचे ते नावही त्यांच्या हातून लिहून घ्या.